पोकळ मुठीचा चाकू

माझी शेवटची पोस्टिंग बस्तरात होती. मी हवालदार, सेक्शन कमांडर, हाताखाली नऊ जवान. आता रिटायर होऊन रायपूरले चौबे कॉलोनीत राहतो. परवा शेजारच्या गल्लीतला इंजिनिअर आला. मूळचा नागपूरचा, ऑफिस शंकर नगरात. मोबाईल माझ्या नाकासमोर धरून म्हणे, "काका, जंगलासाठी चाकू कोणता बेस्ट? अन् सेल्फ डिफेन्सले पिस्तूल?" तासभर फोटो दाखवून राहिला. माझं डोस्कं सणकलं.

"पिस्तुलाचं आधी ऐक," म्हटलं. "आमचं सरकारी नऊ एमएम जड होतं, दिसायले ओबडधोबड. मी त्याले लय नावं ठेवली. पण चिखलातून काढून साफ केलं की पुन्हा चालायचं. अन् तुले काहून पाहिजे बाप्पा? चौबे कॉलोनीत कोणाले मारतं?"

तो हसला. मले हसू आलं नाही. बस्तरात असताना मी असाच होतो, अन् माझ्या हाताखाली माणसं होती.

चाकूचं लोखंड एकसंध पाहिजे. टोकापासून मुठीच्या बुडापर्यंत एकच पट्टी. बाकी सारा तमाशा. हे आज सांगून राहिलो. तवा माझ्याकडं दहा इंची चाकू होता. पाठीले करवतीचे दात, मूठ पोकळ, टोपणात होकायंत्र, मुठीच्या आत काड्या अन् मासे धरायचा गळ. ओळखीच्या माणसाकडून मुद्दाम मागवला होता. रोज तेल लावायचो. बायको म्हणे, इतकं तेल माझ्या डोक्याले लावलं असतं तर केस गुडघ्यापर्यंत आले असते.

गस्तीवर निघताना सेक्शनसोबत एक टंगिया असायची. आठवडी बाजारातली साधी कुऱ्हाड. ती लान्स नायक देवांगनच्या पाठीवर असे. तो रायपूरचाच, भनपुरीचा. त्या दिवशी सकाळी सहाले मी सामान तपासलं.

"निकाल ये बोझा," मी म्हटलं.

"उस्ताद, लकड़ी काटनी पड़ी तो?"

"मेरा चाकू क्या भाजी काटने को है?"

"हव उस्ताद." त्यानं टंगिया बराकीच्या भिंतीले टेकवून ठेवली. सगळे हसले, मी सर्वात जास्त.

नऊ चाळीसले नाल्याकडून फायर आला. दहा मिनिटं चालला, मग नक्षली पळाले. देवांगनच्या कमरेत गोळी होती. पट्टी बांधली. रेडिओवर बोललो.

"वन कॅज्युअल्टी. कमर में गोली. ओव्हर."

"हेलिकॉप्टर साढ़े दस. मैदान पर पहुँचाओ. रुकेगा नहीं. ओव्हर."

मैदान दीड किलोमीटरवर. जंगल विरळ, पायवाट सरळ. खांद्यावर उचलून पाहिलं तर तो ओरडला, अन् रक्त पुन्हा सुरू झालं. ग्राउंडशीटमध्ये घेतलं तर कमर झोळीसारखी वाकली. दोन मजबूत दांडे पाहिजे होते. समोर मनगटाएवढी सालवृक्षाची झाडं उभी होती. मी चाकू काढला.

तिसऱ्या घावाले पातं मुठीतून तुटून गवतात पडलं. हातात रिकामी मूठ राहिली. आतल्या काड्या अन् गळ माझ्या बुटावर सांडले.

मग संगिनीनं झाड कापत बसलो. संगीन भोसकायले असते, लाकूड कापायले नाही. दोन दांड्यांले पस्तीस मिनिटं गेली. स्ट्रेचर उचललं तवा हेलिकॉप्टर डोक्यावरून मैदानाकडं गेलं. आम्ही धावलो. अर्ध्या वाटेत ते परत जाताना दिसलं.

"उस्ताद, चला गया क्या?"

"दूसरा आ रहा है, देवांगन."

दुसरं पावणेबाराले आलं. देवांगन अकरा वीसले गेला होता.

रिपोर्टात लिहिलं, दुर्गम भूभागामुळे विलंब. वरच्यांनी लिहिलं, मी सही ठोकली. कसला दुर्गम? पोरं सायकल घेऊन जातात त्या वाटेनं! एकानंही विचारलं नाही की टंगिया कुठं होती. विचारलं असतं तर मी काय सांगणार होतो, देव जाणे. थू माझ्या जिंदगानीवर.

इंजिनिअरले दाराबाहेर काढलं अन् स्कूटर काढून भनपुरीले गेलो. देवांगनची बायको गोदामातल्या कामावरून येऊन पाय धूत होती. बॉडी आणली तवा मीच तिले म्हटलं होतं, जंगल घनघोर था, बहन. कोई कुछ नहीं कर सकता था. ते खोटं होतं. या वेळी अंगणात उभ्या उभ्या सगळं सांगितलं. टंगिया, चाकू, पस्तीस मिनिटं. काही झाकलं नाही.

तिनं तांब्या खाली ठेवला. पाय तसेच ओले.

"अतेक बछर मैं जंगल ला बखानेंव, भैया," ती म्हणाली. इतकी वर्षं तिनं जंगलाले शिव्या दिल्या होत्या. "अब काला बखानौं?" म्हणजे, आता कोणाले देऊ?

"मुझे," मी म्हटलं.

तिनं दिल्या. माझ्या आईवरून, माझ्या वर्दीवरून, माझ्या पेन्शनवरून. शेजारपाजारचे दारात येऊन उभे राहिले. मी सावधानमध्ये उभा राहून शेवटपर्यंत ऐकल्या.

लान्स नायक देवांगन, वय तीस. त्या जंगलात वाट होती. उशीर मी केला.