द्रौपदाबाईचा फ्रीज आणि प्रेमराजभाऊचं तिकीट

द्रौपदाबाई चटईच्या कारखान्यात काठ शिवते. जळगावच्या एमआयडीसीत प्लास्टिकच्या चटयांचे कारखाने पुष्कळ आहेत. त्यातल्या एकात ती सपना पोटात होती तेव्हापासून मशीनवर बसते. आता सपना लग्नाची झाली. सकाळी भगवान बुद्धांपुढे मेणबत्ती लावायची, त्रिशरण म्हणायचं, डबा भरायचा आणि पायी निघायचं, हा तिचा नेम. नवरा गेल्यावर एकटीनं पत्र्याचं घर पाडून स्लॅबचं केलं, खाली टाईल्स बसवल्या आणि गेल्या उन्हाळ्यात फ्रीज घेतला. ज्यानं जळगावचा मे महिना काढलाय, तो फ्रीजला चैन म्हणणार नाही.

तर अशा या द्रौपदाबाईला राजकारणाचं वेड लागलं ते प्रेमराजभाऊमुळे.

महानगरपालिकेची निवडणूक जवळ आली होती. या वेळी पक्षानं नवंच काढलं. तिकीट मुंबईहून येणार नव्हतं, प्रभागातल्या सभासदांनीच मत टाकून उमेदवार ठरवायचा होता. एका बाजूला योगराज नाना, पंधरा वर्षं नगरसेवक, पक्षातलं जुनं खोड. दुसऱ्या बाजूला प्रेमराज. प्रेमराजच्या वडिलांचं हार्डवेअरचं मोठं दुकान, घरात खोलीखोलीत एसी. पण भाषणाला निघाला की तो बूट काढून स्लीपर घालायचा आणि खांद्यावर गमछा टाकायचा. गरिबीचा त्याचा अभ्यास दांडगा होता, दुसऱ्याची बघून बघून केलेला.

"बंगल्यातल्यांनी तुमचा घाम विकला!" तो कारखान्याच्या गेटवर ओरडायचा, आणि बाया अशा टाळ्या वाजवायच्या की वॉचमन बाहेर येऊन बघायचा. एकदा त्यानं माईकवरून द्रौपदाबाईचं नाव घेतलं. "ही द्रौपदामावशी. हिच्या हातची चटई साऱ्या देशात जाते, आणि हिला कोण ओळखतं?" बाईच्या डोळ्यांत पाणीच आलं. एवढ्या वर्षांत मोठ्यानं तिचं नाव फक्त रेशन दुकानात पुकारलं गेलं होतं. त्या दिवसापासून ती प्रेमराजची झाली. चटईवाल्या सभासद बायांची मतं आणायचं कामही तिनं अंगावर घेतलं.

मग एका रविवारी प्रेमराज तिच्या घरी जेवायला आला. सोबत मोबाईलवाली पोरं आणि तीन पायांचं स्टँड. द्रौपदाबाईनं वांग्याचं भरीत आणि कळण्याच्या भाकरी केल्या होत्या. पोरांनी आत येऊन चहूकडे बघितलं आणि त्यांची तोंडं उतरली.

"मावशी, हा फ्रीज जरा बाहेर काढता येईल का?"

"कसाले?"

"व्हिडिओत बरा नाही दिसत. नाहीतर त्याच्यावर गोधडी टाकू."

"गोधडी? त्याले काय थंडी वाजते?"

पोरं हसली आणि त्यांनी गोधडी टाकलीच. टाईल्सवर तिच्याच कारखान्याची चटई अंथरली. गॅसची शेगडी पलंगाखाली गेली. आंघोळीचं पाणी तापवायची अंगणातली चूल पेटवली आणि द्रौपदाबाईला तिथं बसवून भाजलेली भाकरी पुन्हा भाजायला लावली. सपना दारात उभी राहून दात-ओठ खात होती. आईनं तिला डोळ्यांनीच गप्प केलं. मोठ्या कामासाठी एवढं करायला काय हरकत आहे, असं द्रौपदाबाईला वाटलं.

प्रेमराजनं मांडी घालून घास घेतला आणि गळा दाटून बोलला, "हिच्या घरात प्यायला थंड पाणीसुद्धा नाही!" गोधडीखाली फ्रीज घरघरत होता.

मोबाईल बंद झाल्याबरोबर तो म्हणाला, "मावशी, काय ऊन आहे! जरा थंड पाणी द्या ना." आणि गोधडी त्यानं स्वतःच उचलली.

व्हिडिओ वाऱ्यासारखा पसरला. तो धुळ्यालाही पोहोचला आणि तिथंच घोळ झाला. सपनाचं लग्न धुळ्याच्या प्रशीलशी जुळत आलं होतं. मुलगा दवाखान्यात टेक्निशियन, बोलणी झालेली, घर बघायला यायचं तेवढं राहिलं होतं. त्याचे वडील भटूभाऊ, एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर. त्यांचा अहिराणीत फोन आला.

"अक्का, तुम्ही तर बोल्या व्हत्यात का टाईल्सनं घर शे, बठ्ठं शे, काही कमी नही. अठे तर तुम्ही चूल फुकी ऱ्हायन्यात! आमले काही नको, पण खोटं नको."

"भाऊ, तो व्हिडिओ खोटा आहे, घर खरं आहे."

"व्हिडिओमा तर तुम्हीच शेत ना?" ते म्हणाले. "दखूत मंग," बघू नंतर, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

सपनाला तो मुलगा मनापासून आवडला होता. ती रागावली नाही, आईशी बोलायचीच बंद झाली. घरात नुसती भांडी वाजायची. द्रौपदाबाई तशीच प्रेमराजच्या ऑफिसात गेली.

"भाऊ, तो व्हिडिओ काढून टाका. पोरीचं ठरलेलं मोडतंय."

"काढू कसा, मावशी? पुण्या-मुंबईचे लोक रडताहेत तो बघून."

"त्या रडणाऱ्यांचं मत आहे का आपल्या प्रभागात?"

"मत नाही, पण हवा आहे ना. मतदान होऊ द्या, मग काढतो. आणि मावशी, गरिबीची लाज कसली?"

गरिबीची लाज द्रौपदाबाईला कधीच नव्हती. जी गरिबी तिनं वीस उन्हाळे मशीनवर बसून मागं टाकली, ती पुन्हा अंगावर घालून मिरवायची तिला लाज वाटत होती. ती चहा न पिता परत आली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिनं बायांसमोर डबा उघडला आणि तसाच बंद केला. शेजारच्या मशीनवरची बेबाबाई तोंडाची फटकळ.

"काय गं, लीडर? आज भाषण नाही?"

"रविवारी मत कोणाले देशान?" द्रौपदाबाईनं विचारलं.

"नानाले."

"अन् टाळ्या तर त्याले वाजवत्या!"

"वाजवू ना. बोलतो झकास. शेठला शिव्या देतो तर पोट थंड होतं. पण मले सांग, माझा मालक गेला तेव्हा दारावर कोण आलं?"

खानदेशात माणूस गेला की लोक घरच्यांना भेटायला येतात, ओट्यावर बसतात, फार काही बोलत नाहीत. त्याला दारावर येणं म्हणतात. योगराज नाना सगळ्यांच्या दारावर यायचे. पंधरा वर्षांत त्यांनी गल्लीतलं गटार बांधलं नव्हतं. पण त्याच गटारावरून उडी मारून ते घरोघरी यायचे, तंबाखू मळत बसायचे, उठताना "काही लागलं तर सांगा" म्हणायचे. सांगितल्यावर दहातली चार कामं व्हायची.

"नाना काय धुतल्या तांदळासारखा नाही," बेबाबाई म्हणाली. "पण तो घरात येतो अन् म्हणतो, वा, टाईल्स छान बसवल्या! तुझा भाऊ येतो अन् फ्रीजवर गोधडी टाकतो. मी तर आत्ताच कूलर घेतला आहे बाई. तो निवडून आला तर कुठं लपवू?"

बाया ठसका लागेपर्यंत हसल्या. द्रौपदाबाईलाही हसू आलं, आणि लगेच सपनाचा चेहरा आठवून गेलं.

रविवारी समाजमंदिरात मतदान होतं. प्रेमराज दारात उभा होता, शेजारी मोबाईलवाली पोरं. प्रत्येक गल्लीची पेटी वेगळी ठेवली होती. चटईवाल्या बायांची रांग रस्त्यापर्यंत आली होती. तेवढ्यात रिक्षातून भटूभाऊ आणि त्यांची बायको उतरली. न सांगता घर बघायला आले होते. घराला कुलूप दिसलं म्हणून शेजाऱ्यांनी इकडे पाठवलं होतं. भटूभाऊंच्या अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, पण प्रवासात घाम आलेला, डोक्याला उपरणं गुंडाळलेलं, हातात पिशवी.

द्रौपदाबाई रांगेतून पुढं होणार तोच प्रेमराजनं त्यांना गाठलं आणि मिठीच मारली.

"हे बघा! हा कष्टकरी बाप! पोटाला चिमटा घेऊन, उन्हातान्हात माझ्यासाठी आला! बाबा, कोणत्या गावाहून आलात?"

"धुळाथीन उनू," भटूभाऊ गुदमरत म्हणाले. "आधी मान सोडा. अन् पोटले चिमटा कोणी लिधा? आम्ही वाटमा थांबीसन मिसळ खाई उनूत."

रांगेत हशा पिकला. पोरगं शूटिंग करतच होतं.

"मी एसटीना रिटायर ड्रायव्हर शे. घर बांधेल शे, पोऱ्या नोकरीले शे. मी गरीब शे असं तुले कोण सांगनं?"

प्रेमराज पोराकडे वळून पुटपुटला, "बंद कर रे."

भटूभाऊंनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. चेहरा ओळखीचा वाटला. मग त्यांनी द्रौपदाबाईकडे पाहिलं. "अक्का, तो व्हिडिओ असाच बनाडा का?"

"हो भाऊ," ती म्हणाली. "पण फ्रीज झाकू मीच दिला. माईकवरून नाव घेतलं, त्याला भुलले. पोरीचा यात काही दोष नाही."

भटूभाऊंची बायको इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "जाऊ द्या हो. याले भेटीसन मी दोन मिनिटमा गरीब व्हई गऊ. अक्का तर सारा दिन त्यानासंगे व्हती." आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली. भटूभाऊही हसले. "चला, घर दखाडा."

"थांबा भाऊ. आधी मत टाकते."

आत चिठ्ठीवर दोन फोटो होते. द्रौपदाबाई जरा थांबली. प्रेमराज बोलायचा ते खोटं नव्हतं. घाम विकला जातो हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक? पण आपल्याला बघून याला आपली चूल तेवढी दिसते, हे तिला आता नक्की कळलं होतं. तिनं नानांच्या फोटोवर शिक्का मारला आणि गटाराचं काम या वेळी बोलूनच घ्यायचं, असं मनाशी ठरवलं.

प्रेमराज हरला. बंगल्यांच्या कॉलनीत त्याला बरी मतं पडली, तिथल्या कॉलेजच्या पोरांना तो फार आवडायचा. चटईवाल्यांच्या गल्लीच्या पेटीत मात्र तो सपाट झाला. रात्री त्यानं नवा व्हिडिओ टाकला, 'गरिबाला फितवलं'. खाली पुण्याहून पुष्कळ लोक रडले.

दोन दिवसांनी त्याचा द्रौपदाबाईला फोन आला. आवाज पडलेला होता. "मावशी, तुम्ही पण? कुठं चुकलो मी?"

"भाऊ, तो चुलीचा व्हिडिओ आता तरी काढा. अन् पौर्णिमेला सपनाचा साखरपुडा आहे, या."

"येतो ना! किती माणसं जमतील? माईक आणू का?"

"नको. वाढायला माणसं कमी आहेत. पंगतीत पाणी वाढा."

माईकचं सोडून प्रेमराजनं विचारलं, "किती वाजता येऊ?"