एडनाची मिठातली कोंबडी

चकाल्याच्या गावठाणात लग्न ठरलं की वधूवरांच्या आधी एडना मिस्किटाची तारीख बघायचे. तिच्या हातचं सारपातेल, म्हणजे डुकराचं मांस, काळीज आणि वरून रक्त घालून शिजवलेलं कालवण, नसेल तर पाहुणे जेवून उठायचे पण बोलून दाखवायचे. आठवडाभर औषधांच्या कारखान्यात गोळ्या पाकिटात भरायच्या आणि रविवारी कुणाच्या तरी मांडवात चुलीशी उभं राहायचं, असं तिचं आयुष्य मजेत चाललं होतं.

कारखान्यात तिच्या शेजारच्या खुर्चीवर रिबेका पेणकर बसायची. मूळची पेणकडची बेने इस्रायली, म्हणजे कोकणातली ज्यू. नऊवारी नेसणारी, शनिवारी हटकून रजा घेणारी. एकोणीस वर्षं दोघी एकत्र डबा खात होत्या. रिबेका एडनाची भाजी खायची, भाकरी खायची, मटणाला मात्र कधी शिवली नाही. डुकराचं चालत नसेल, अशी एडनाची समजूत.

चौऱ्याऐंशीच्या जानेवारीत एडनानं मुद्दाम तिच्यासाठी बाटली मसाल्यातली, म्हणजे घरी कुटून वर्षभरासाठी बाटल्यांत भरलेल्या मसाल्यातली, कोंबडी आणली. रिबेकानं डबा हळूच मागे सारला. एडनाला ते फार लागलं. चार दिवस तिनं आपला डबा वेगळा बसून खाल्ला. पाचव्या दिवशी रिबेकाच म्हणाली, "रुसलीस ना? अगं, कोंबडी चालते मला. तिच्यातलं रक्त चालत नाही."

"शिजवल्यावर रक्त कुठलं राहतंय?"

"रक्तात जीव असतो. मांस देवानं माणसाला दिलं, जीव स्वतःकडे ठेवला. आमचा आजोबा कोंबडी कापली की रक्त जमिनीवर सोडायचा आणि वर मूठभर माती टाकायचा, माणसाला पुरावं तसं. मग मांस अर्धा तास पाण्यात, तासभर मिठात, आणि तीनदा धुवायचं. आमचे पूर्वज गलबत फुटून कोकणात लागले तेव्हा पोथ्या समुद्रात गेल्या म्हणतात. पण बायकांच्या हातातलं हे राहिलं." मग ती म्हणाली, "नोहाला प्रलयानंतर सांगितलेलं आहे हे. तुझ्याही पुस्तकात असेल बघ."

एडनानं घरी जाऊन मुलाला, इसिडोरला, बायबल काढायला लावलं. होतंच ते, अगदी सुरुवातीला. पुढे मोशेच्या नियमांतही होतं. तिचा चेहरा उतरला. तीन आठवड्यांवर इसिडोरचं लग्न, तीनशे माणसं आणि मोठा हंडा सारपातेलाचा.

ती तडक चर्चमध्ये फादरकडे गेली. "फादर, मी तीस वर्षं सगळ्या गावाला पाप खायला घातलं काय?"

फादर हसले. मग त्यांनी तिला बसवून नीट सांगितलं. त्या काळी आजूबाजूचे लोक देवांना, मेलेल्यांना रक्त पाजायचे, स्वतःही प्यायचे. आपल्या माणसांनी तसं करू नये, जीव देणाऱ्याची आठवण ठेवावी, म्हणून तो नियम. येशूच्या पहिल्या शिष्यांनीही नव्या लोकांना पत्र पाठवून रक्त वर्ज्य करायला सांगितलं होतं. पुढे आपल्या चर्चनं ते बंधन सोडलं. "तू सारपातेल कर," ते म्हणाले, "आणि माझं ताट विसरू नकोस."

एडनाचा जीव भांड्यात पडला. पण रिबेकानं आपल्या मुलाच्या लग्नात नुसती भाकरी चावत बसायचं, हे तिला पटेना. तिनं कोरं पातेलं आणि कोरा डाव आणला. एकदा करून बघावं म्हणून आधी आपल्या जुन्याच पातेल्यात बाजारातली कोंबडी मिठात ठेवली आणि धुवायला विसरली. पहिल्या घासाला इसिडोर उठला तो थेट माठाकडे.

"आई, जीव तिचा काढायचा होता, माझा नाही," तो म्हणाला.

लग्नाच्या दिवशी रिबेकाच्या नवऱ्यानं भायखळ्याहून, त्यांच्या रीतीनं कापणाऱ्या हज्जानकडून, चार कोंबड्या आणल्या. रिबेका पदर खोचून शेजारी उभी राहिली आणि एडनानं पाण्यात, मिठात, पुन्हा पाण्यात सगळं तिच्या देखत केलं. मग बाटली मसाला आणि नारळाचं दूध. मांडवाच्या एका टोकाला सारपातेलाचा हंडा, दुसऱ्या टोकाला हे पातेलं.

रिबेकानं पहिला घास घेतला तेव्हा एडना ताटासमोरच उभी होती.

"काय गं, बोल ना काहीतरी."

"एकोणीस वर्षं नुसता वास घेतला तुझ्या रश्श्याचा," रिबेका म्हणाली. "थांब, जेवू दे."

तिनं दोनदा मागून घेतलं. गावातल्या म्हाताऱ्या कार्मेनबाईनंही वाडगा पुढे केला, आणि मग तिचं बघून बाकीच्यांनी. सूर्य मावळायच्या आत पातेलं रिकामं झालं. सारपातेल थोडं उरलं, असं गावात पहिल्यांदाच घडलं.

त्याच वर्षी रिबेकाला नात झाली. घरी मलिद्याचा, म्हणजे देवाचे आभार मानून गोड पोहे वाटण्याचा, विधी होता. पुरुषांनी एलियाहू पैगंबराचं गाणं म्हटलं, आणि गोड पोह्यांचं पहिलं ताट रिबेकानं एडनाच्या हातात दिलं.