ताईची किडनी

गिऱ्हाईक खोकलं की सलूनवाल्याच्या काळजात धस्स व्हायचं. पूर्वी असं नव्हतं. पूर्वी त्याची कात्री कमी आणि जीभ जास्त चालायची. पण दोन्ही किडन्या निकामी झाल्या आणि अंगातली घाण अंगातच साचू लागली. पाय सुजले, अन्नाचा वास नको झाला. मग मशीनवर रक्त धुऊन घ्यायचं आणि उरलेला वेळ निपचित पडायचं. शेवटी थोरल्या बहिणीने आपली एक किडनी दिली. ऑपरेशननंतर पिशवीत लघवी साठताना बघून हा पठ्ठ्या ढसाढसा रडला होता.

मात्र डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "शरीराच्या लेखी ही किडनी परकीच. रक्तातल्या पहारेकरी पेशी तिच्यावर तुटून पडतील. या गोळ्या त्यांना गुंगीत ठेवतात. पण मग खरा जंतू आला, तरी पहारेकरी पेंगलेलेच!"

तेव्हापासून तो मास्क लावूनच वस्तरा धरायचा. बायको म्हणायची, "अहो, आता आरशातल्या स्वतःवरही संशय घ्या!"

एका रविवारी भर गर्दीत त्याला हुडहुडी भरली. घरी पोचेपर्यंत अंग फणफणलं. ओटीपोटात, जिथे नवी किडनी बसवली होती तिथे, ठणकू लागलं. लघवी जेमतेम. बायकोने त्याला तसंच हॉस्पिटलात नेलं. ताईही धावत आली.

"एक तर जंतू शिरलेत, नाहीतर पहारेकरीच किडनीवर उलटलेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जंतूंवरचं औषध सुरू करते. पण उलटले असतील तर गोळ्या वाढवाव्या लागतील, आणि जंतू असतील तर वाढवणं महागात पडेल. सुई घालून किडनीचा तुकडा तपासू."

रिपोर्ट येईना. दार वाजलं की तिघांच्याही माना वळायच्या.

"ताई, तू दिलेलं मी घालवलं तर?"

"मी काय तुला पातेलं दिलंय, परत मागायला?" ताई हसली. पण पर्सचा पट्टा तिने इतका आवळला होता की बोटं पांढरी पडली होती. त्याने मान फिरवली.

रिपोर्ट आला. किडनीवर हल्ला नव्हता. लघवीच्या मार्गातून जंतू वर चढले होते.

"दुकानात पाणी पिता? वेळेवर लघवीला जाता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

तो चाचरला. "गर्दीत... गिऱ्हाईक सोडून जाववत नाही हो. म्हणून पाणीही कमीच पितो."

इतका वेळ धीराने बसलेली ताई एकदम कडाडली. "मी पोट चिरून घेतलं, आणि तुला खुर्चीपासून हलवत नाही?" आणि तिथेच हमसून रडू लागली. त्याला कुठे तोंड लपवू असं झालं.

ताप उतरला, किडनी सावरली. पण पहिल्याइतकी नाही. धास्ती तर मुळीच गेली नाही. काम करताना ताप बघायला हात आपोआप कपाळाकडे जातो. ताईचा अबोला बरेच दिवस टिकला. मग एका रविवारी ती सलूनमध्ये येऊन बसली आणि भरल्या दुकानात खणखणीत आवाजात म्हणाली, "ठेव तो वस्तरा, लघवीला जाऊन ये."

साबण फासलेलं गिऱ्हाईक तसंच ठेवून तो निमूट गेला.