जात्याचा खुंटा कडेला का असतो?

मंडळी, आज सकाळी मी सूड घेतला आणि मला लई बरं वाटतंय.

ऐंशीच्या दशकात निपाणीच्या शाळेत मी सरांना विचारलं होतं, "जात्याचा खुंटा मधे न बसवता कडेला का बसवतात?"

"आईला विचार. तुला पण तेच दळायचंय," सर म्हणाले. वर्ग हसला. मला तास संपेपर्यंत दाराबाहेर उभं केलं.

आज तेच सर नातीला घेऊन हिंडलग्याला माझ्या फिजिक्सच्या शिकवणीत आले. त्यांनी मला ओळखलं न्हाई.

वर्गात आईचं जातं ठेवलंय. वरच्या दगडाला मध्याजवळ मुद्दाम दुसरं भोक पाडून घेतलंय. खुंटा त्यात घातला. "फिरवा, सर." घामाघूम झाले, जातं हललं न्हाई.

खुंटा कडेला घातला. नातीनं एका हातानं गरागरा फिरवलं.

"का गं?"

"मध्यापासून लांब धरलं की जोर कमी लागतो, मॅडम."

"शाब्बास. हेच विचारलं म्हणून तुम्ही मला बाहेर काढलं होतं, सर."

नातीला आत बसवलं. सरांना म्हटलं, "तास संपेपर्यंत दाराबाहेर उभे राहा."

राहिले उभे, मान खाली घालून.

आत एक खुर्ची रिकामी होती. मी दिली न्हाई. तुम्ही दिली असती?