सोमवारच्या चिंध्या

आमच्या नणंदबाईंनी आयुष्यात एकच प्रदर्शन भरवलं, आणि तेही मी त्यांच्या मानगुटीवर बसून भरवायला लावलं. त्यामुळे पुढे जे झालं त्याचं खापर फोडायला मला दुसऱ्या कुणाचं डोकं सापडत नाही.

नणंदबाई म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. धंद्याने शिंपीण. डोंगरावर चढत जाणाऱ्या आमच्या एकुलत्या एक रस्त्याला लागून त्यांची खोली, आणि खिडकीशी शिवणयंत्र. गावातल्या निम्म्या लोकांच्या पँटी त्यांनी आखूड केल्या आणि उरलेल्या निम्म्यांच्या सैल. लग्न केलं नाही. कोणी खोदून विचारलं तर म्हणायच्या, "मापात बसेल असा मिळाला नाही." तेवढा एकच विनोद त्यांना येत होता आणि तो त्यांनी चाळीस वर्षं पुरवला.

चार वाजता यंत्रावर खोळ चढली की त्यांचं खरं काम सुरू व्हायचं. मोडकी दारं, फळ्या, पत्रे असं काय काय त्या गोळा करून ठेवत. त्यावर चिंध्या चिकटवायच्या, मधे प्लास्टर थापायचं, त्यात तार, काचेचे तुकडे, गंजलेले बोल्ट रोवायचे, वरून रंग. खालच्या शहरातून एक चित्रकलेचे मास्तर आले होते, त्यांनी सांगितलं की याला मिश्र माध्यम म्हणतात. मला तर शिंप्याची पेटी आणि भंगारवाल्याची गाडी एकमेकांवर आपटल्यासारखं दिसायचं, आणि मी ते तोंडावर बोलूनही दाखवायची. त्या रागवत नसत. गाव त्यांना चिंधीबाई म्हणे, त्यालाही त्या ओ देत. खोलीत कायम सरसाचा वास, आणि चहाच्या कपात हमखास एखादा धागा.

आमचे हे रोपवेवर मेकॅनिक होते. रोपवे म्हणजे आमच्या गावातून वरच्या वस्तीवर जाणारे लोखंडी पाळणे. शाळा वर, बाजार खाली, त्यामुळे सगळ्यांचा जीव त्या एका तारेच्या दोराला टांगलेला. सोमवारी सकाळी आठपर्यंत पाळणे बंद असत आणि हे एकटे स्टेशनात जाऊन दोर तपासत. तपासायची रीत साधी होती. यंत्र अगदी हळू लावायचं, हातात जाड सुती चिंधी घ्यायची, फिरत्या दोराभोवती ती मुठीत सैल धरायची आणि अख्खा दोर त्या मुठीतून जाऊ द्यायचा. आतली एखादी तार तुटली असेल तर तिचं टोक कुसळासारखं वर येतं आणि चिंधीचा धागा ओढतं. डोळ्यांना जे दिसत नाही ते चिंधीला कळतं. मग कोपऱ्यात तारीख लिहून ती दिवसभर खिळ्याला टांगायची, म्हणजे स्टेशनच्या मुख्य मिस्त्रींना बघता येईल, आणि संध्याकाळी शेगडीत टाकायची. मिस्त्री निवृत्त झाले, बघणारं कुणी उरलं नाही, तरी टांगायची रीत राहिली. फक्त यांनी शेगडीत टाकण्याऐवजी चिंध्या बहिणीला नेऊन द्यायला सुरुवात केली. ग्रीसचे ते काळे पट्टे नणंदबाईंना फार आवडायचे. मंगळवारी हे दारात दिसले की त्या यंत्र थांबवून हात पुढे करत.

सात वर्षांपूर्वी, ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी, तिसऱ्या खांबाजवळ दोर तुटला. पाळण्यात सहा जण होते. त्यातली एक बेकरीवाल्या बाईंची मुलगी, वरच्या शाळेत शिकवायला निघाली होती. सहापैकी कुणीच वाचलं नाही.

चौकशी समिती आली. तिने लिहिलं की तुटलेल्या तारा आधीच्या तीन-चार आठवड्यांत कळायला हव्या होत्या. तपासणी नीट झालेली दिसत नाही. यांनी सांगितलं, "मी दर सोमवारी दोर तपासला." वहीत सह्याही होत्या. त्यावर समितीतला एक जण म्हणाला, "सही काय, खुर्चीत बसूनही करता येते." हे नंतर दोन वर्षं जगले. जगले म्हणजे जेवत होते, झोपत होते. एका सकाळी उठले नाहीत.

गावाने आम्हाला वाळीत वगैरे टाकलं नाही, तेवढा वेळ कुणाला आहे. पण बेकरीत गेलं की बाई माझ्याकडे न बघता पाव काउंटरवर ठेवत. सात वर्षं. मीही सुंभ जळला तरी पीळ न जाणाऱ्यातली. पाव दुसरीकडे मिळत असूनही मी तिथूनच घ्यायची, आणि रोज मनात म्हणायची, माझा नवरा खोटं बोलला नाही, हे एक दिवस तुमच्यासमोर सिद्ध करून दाखवीन. सात वर्षं मला दुसरं काही नको होतं.

रोपवे बंद पडल्यावर खालच्या स्टेशनातला प्रतीक्षागृहाचा हॉल गावच्या सभांसाठी उघडला. तिकीटखिडकी तशीच, बाकं तशीच. ग्रंथालयवाल्यांनी नणंदबाईंना विचारलं, तुमची चित्रं तिथं लावू का तीन दिवस. त्या नाहीच म्हणाल्या. मी म्हटलं, "ताई, साठी आली. आता नाही तर कधी? मेल्यावर मी सगळं बंबात घालीन." हे ऐकून तयार झाल्या.

चित्रं बांधायला मी त्यांच्या खोलीवर गेले, तेव्हा कपाटामागे, भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं एक दार सापडलं. मी ते उलटं केलं. दारावर चिंध्या होत्या. एका ओळीत चार, अशा दहा ओळी. चाळीस सोमवार. प्रत्येक चिंधीच्या कोपऱ्यात यांच्या अक्षरात तारीख, जानेवारीपासून थेट त्या गुरुवारच्या आधीच्या सोमवारपर्यंत. भोवती पातळ प्लास्टर, कडेने तारेचा एक उसवलेला पेड. बाकी रंग नाही, काच नाही.

"ताई," मी म्हटलं, "हा पुरावा आहे. एकही सोमवार चुकलेला नाही."

नणंदबाई सुई ओवत होत्या. "ते नको," म्हणाल्या. "ते अपुरं आहे."

"अपुरं कसलं? तारखा मोजा."

"अगं, राहू दे. झाकली मूठ बरी."

मला वाटलं नेहमीचा भिडस्तपणा. उलट रागच आला. सख्ख्या भावाचं नाव धुऊन निघतंय आणि या बाई चित्र बरं जमलं नाही म्हणून लपवून बसल्यात. मी खूप बोलले. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं. भावापेक्षा तुम्हाला तुमची कला मोठी, असंही बोलून गेले. त्यांनी सुई खाली ठेवली. मग म्हणाल्या, "बरं. तूच लाव." ते दार मी स्वतः पाठीवर घेऊन स्टेशनात नेलं आणि तिकीटखिडकीच्या शेजारी, आत येताच दिसेल असं उभं केलं.

तेवढ्यावर मी थांबले नाही. मिस्त्रींच्या घरी जाऊन आमंत्रण दिलं. मग बेकरीत गेले. "उद्या दुपारी स्टेशनात या. तुमच्याच कामाचं आहे," एवढंच म्हणाले. बाईंनी पाव ठेवला. पण दुसऱ्या दिवशी त्या आल्या, एप्रन न सोडता.

हॉलमध्ये पंधरा-वीस माणसं होती. धुकं इतकं खाली आलेलं की भर दुपारी दिवे लावले होते. लोक चित्रांसमोर उभे राहून आपापल्या जुन्या कपड्यांचे तुकडे ओळखत होते, तेवढंच जरा हसणं चाललेलं. नणंदबाई कोपऱ्यातल्या बाकावर, मांडीवर हात ठेवून, परीक्षेला बसवल्यासारख्या.

मिस्त्रींना मी हाताला धरून दारापुढे आणलं. म्हातारा ऐंशीचा, पण चिंध्या बघून एकदम ताठ झाला. चष्मा लावला, बोट फिरवलं.

"या माझ्या स्टेशनच्या चिंध्या," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "हे बघा, हे तिरके पट्टे. दोराला पेड असतात, दोर मुठीतून सरकला की ग्रीसचे असे तिरके पट्टे उठतात. हाताने काढायचे म्हटले तरी जमायचे नाहीत. आणि इथं, मार्चमध्ये, धागा ओढलाय. कुसळ लागलंय. त्याने ते दुरुस्त केलं असणार, कारण पुढच्या सोमवारी चिंधी साफ आहे. चांगला हात होता पोराचा."

माझ्या डोळ्यांना पाणी आलं. मी बेकरीवाल्या बाईंकडे बघितलं. त्या मिस्त्रींच्या बोटाकडे बघत होत्या. ओळीमागून ओळ मिस्त्री वाचत गेले, एप्रिल, मे, जून. शेवटची ओळ जमिनीलगत होती, तिथं ते गुडघे टेकून बसले.



पहिली चिंधी बघितली, दुसरी, तिसरी, चौथी. पुन्हा पहिली. चष्मा काढून पुसला. मग बाकाला धरून उठले, म्हणाले, "इथं उजेड कमी आहे," टोपी उचलली आणि कुणाकडेही न बघता बाहेर धुक्यात गेले.

मी खाली बसले. पट्टे नव्हते. चारही चिंध्यांवर ग्रीस होतं, पण नुसतं फासलेलं, टेबल पुसल्यासारखं. एकही धागा ओढलेला नाही. तारखा मात्र नीट लिहिलेल्या.

मी उठून नणंदबाईंच्या समोर जाऊन उभी राहिले. "तुम्हाला माहीत होतं?"

"तो गेल्यावर," त्या हळू म्हणाल्या. "मंगळवारी घेताना मी बघितलंच नव्हतं. त्याच्या हातचं काहीतरी राहावं म्हणून क्रमाने लावत गेले. शेवटच्या ओळीला आले तेव्हा दिसलं."

"मग फाडून का नाही टाकलंत?"

"मी आयुष्यात चिंधी फेकली नाही गं. आणि ती तर त्याची." मग म्हणाल्या, "मला एकच कळलं नाही. छत्तीस सोमवार जो माणूस चुकला नाही, तो पुढचे चार कुठे होता?"

त्यांना खरंच माहीत नव्हतं. मला मात्र त्या क्षणी कळलं. म्हणजे, कळलेलं होतंच, ते मी सात वर्षं कपाटामागे ठेवलं होतं.

त्या सप्टेंबरात माझ्या पोटाचं ऑपरेशन झालं होतं. खालच्या शहरात, दवाखान्यात, जवळजवळ पाच आठवडे. जखम चिघळली, ताप उतरेना. मला वाटायचं मी मरणार. हे आठवड्यातून दोनदा येत आणि शेवटच्या बसने परत जात. एकदा मी यांचं बोट धरून ठेवलं आणि म्हटलं, "आज राहा ना." हे म्हणाले, "बरं, राहतो. उद्या काही काम नाही." पुढच्या आठवड्यात पुन्हा म्हटलं. असं चारदा. रात्रभर स्टुलावर बसून राहत आणि पहाटेच्या बसने निघत. ती बस आमच्या गावात पोचते तोवर पाळणे सुरू झालेले असतात.

दवाखान्यात वार कळत नाहीत, असं मी स्वतःला सांगत आले. पण रविवारी दवाखान्यात भेटायला येणाऱ्यांची गर्दी असते. बाजूच्या कॉटवरच्या बाईकडे तिची सगळी नातवंडं येत. ज्या संध्याकाळी मी यांचं बोट धरलं, त्या संध्याकाळी तिथं पोरांचा गोंधळ होता. चारही वेळा. हे मला तेव्हाही ऐकू येत होतं.

मागे वळले तर बेकरीवाल्या बाई चिंध्यांच्या त्या दारासमोर तशाच उभ्या होत्या. बाकीचे लोक निघून गेले होते किंवा भिंतीकडे सरकले होते.

"मिस्त्री का गेले?" त्यांनी विचारलं. सात वर्षांत मला उद्देशून बोललेलं हे पहिलं वाक्य. "खाली काय आहे?"

आपलेच दात, आपलेच ओठ. तारखा तर बरोबर होत्या. म्हाताऱ्याला दिसत नाही म्हटलं असतं तर खपूनही गेलं असतं. नणंदबाई बाकावरून माझ्याकडे बघत होत्या आणि मला माहीत होतं, त्या एक शब्दही बोलणार नाहीत, कुठल्याच बाजूने.

"शेवटच्या चार चिंध्या खोट्या आहेत," मी म्हटलं. "ते चार सोमवार त्यांनी दोर तपासला नाही. मी दवाखान्यात होते. मीच त्यांना राहा म्हटलं होतं."

बाई खाली बसल्या. हातांना पीठ लागलं होतं, ते त्यांनी एप्रनला पुसलं आणि शेवटच्या चिंधीच्या कोपऱ्यातल्या तारखेवर बोट ठेवलं. बराच वेळ ठेवलं. ओरडतील, दार ओढून पाडतील, असं मला वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

उठताना त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट बघितलं.

"आणि तुम्ही बऱ्या झालात," त्या म्हणाल्या.

"हो," मी म्हटलं. "बरी झाले."