ऑर्विल टिब्जचा सातवा क्रमांक

नेवार्कच्या ‘ब्लू डोअर’ क्लबात ऑर्विल टिब्ज अकरा वर्षे तबकड्या वाजवीत होता, आणि तितकीच वर्षे दर सोमवारी दुपारी बाराच्या आत न्यूयॉर्कच्या एका साप्ताहिकाला आपली यादी कळवीत होता. देशभरातल्या अशा ऐंशीएक डीजेंच्या याद्यांवरून नृत्यसंगीताची क्रमवारी ठरे. ऑर्विलची कसोटी एकच : गाणे लागताच भिंतीला टेकलेली माणसे हातातला पेला ठेवून नाचायला येतात की नाही. नात्यागोत्याला तीत जागा नव्हती. या निष्ठेचा त्याला किंचित गर्वही होता. तिची परीक्षा अद्याप झाली नव्हती, एवढेच.

१९८४च्या ऑक्टोबरात ती झाली. त्याची बायको अर्नेस्टीन आणि मेहुणी व्हर्डेल यांनी ‘गेन्स सिस्टर्स’ या नावाने काढलेली तबकडी क्रमवारीत दुसरी आली. ऑर्विलने संकोचापोटी ती एकदाही वाजवली नव्हती.

“शिकागोतले परके वाजवतात,” व्हर्डेल कडाडली, “आणि घरचा मेला तोंड लपवतो!”

ऑर्विलने हार मानली, आणि रविवारी चर्च सुटल्यावर सारे गणगोत पिसांच्या टोप्यांसकट क्लबातल्या दुपारच्या नाचाला हजर झाले. ऑर्विलने सुई टेकवली. अर्नेस्टीनचा आवाज घुमला, आणि नाचणारी माणसे जागच्या जागी थबकली. अर्नेस्टीनच्या लव्हिनिया मावशींनी चर्चमधल्या प्रार्थनेत उंचावतात तसा, डोळे मिटून उजवा हात उंचावला. कुणी हुंदका दिला. कुणीतरी दगावले असावे, अशा समजुतीने नेहमीची गिऱ्हाइकेही स्तब्ध उभी राहिली. सहा मिनिटे तसूभर हालचाल नव्हती. शेवटी मावशींनी खणखणीत “आमेन!” म्हटले.

सोमवारी यादी कळवून ऑर्विल वळला, तो अर्नेस्टीन दारात उभी.

“कितवा दिलास?”

“सातवा. तोही जास्तच झाला. एक पाय हलला नाही, अर्नेस्टीन.”

“आदर होता तो, गाढवा!”

“आदराचा रकाना नसतो.”

“सातवा! म्हणजे सहा जणी माझ्याहून बऱ्या?”

“चारच जणी,” ऑर्विलने प्रामाणिकपणे दुरुस्ती केली. “दोन पुरुष आहेत.”

त्यानंतर घरात चार दिवस फक्त भांडी बोलत होती.

गुरुवारी क्रमवारी प्रसिद्ध झाली. ऑर्विलला न जुमानता गेन्स भगिनी पहिल्या आल्या होत्या. शुक्रवारी मागे पडलेल्या एका तबकडी कंपनीने तक्रार गुदरली : गायिकेचा नवराच यादी पाठवतो, तेव्हा हे यश घरगुती आहे, ते रद्द करावे. साप्ताहिकाने ऑर्विलची नोंद काढून पाहिली. ‘क्रमांक सात. कोणीही नाचले नाही.’ तक्रार तिथल्या तिथे निकालात निघाली, आणि तसे कळवणारा फोन अर्नेस्टीननेच घेतला. पलीकडच्या गृहस्थाला हसू आवरत नसल्यामुळे त्याला सगळे दोनदा सांगावे लागले.

तिने फोन ठेवला.

“पहिला दिला असतास तर आमचं नाव उडालं असतं.”

“म्हणजे माझं चुकलं नाही.”

“चुकलंच. आमच्या नशिबानं उपयोगी चुकलं.” तिने चार दिवसांत प्रथमच त्याच्यापुढे गरम ताट ठेवले. “पण पुढच्या तबकडीला सातवा देशील, तर जेवायला व्हर्डेलकडे जायचं.”

“माझ्याकडे मुळीच नको,” व्हर्डेल आतून ओरडली. “मीही त्याच तबकडीवर असणार आहे!”