टेकवलेली खिडकी

ओळंबे,

हे पत्र तू उभ्याउभ्या वाचणार, तेही कुणाच्या तरी घरात, एका हातात ड्रिल धरून. म्हणून मायना-बियना घालत बसत नाही. गेल्या पंधरवड्यात चार जणांनी मला विचारलं, "अक्का, जुन्या घराला त्या वादळी खिडक्या बसवून नेमकं मिळतं काय?" तुला विचारलं की तू नुसती भिंत ठोकून दाखवतेस. तुला त्यातून सगळं कळतं, लोकांना कप्पाळ कळतं! तेव्हा मीच लिहून काढते आहे. गोष्ट तुझीच आहे, पण 'तू असं केलंस, तू तसं केलंस' असं लिहिलं तर भांडण वाटेल. म्हणून इथून पुढे तू 'ती', आणि मी तिची नणंद. जिन्यातलं काही गाळणार नाही. राग आला तर येऊ दे.

तर, ओळंबा हे तिचं नाव गल्लीनेच ठेवलं. दोरीच्या टोकाला वजन बांधलेला गवंड्याचा ओळंबा तिच्या कमरेला कायम लटकलेला. कुणाच्याही घरी गेली की बसायच्या आधी तो भिंतीला लावून बघायची आणि "तुमची भिंत दोन बोटं बाहेर गेलीय हो" असं सांगून मग पाणी मागायची. यजमानाचं तोंड बघण्यासारखं व्हायचं.

लग्नाआधी ती फोटोंच्या चौकटी करणाऱ्या दुकानात काच कापायची. लग्नानंतर घरांच्या काचा बसवू लागली. तिशीत असताना एका वादळात ती समोरच्या गोदामाच्या आडोशाला अडकली आणि तिथून तिने एक घर मोडताना पाहिलं. आधी एक खिडकी फुटली. एकच. दहा श्वास घेतले असतील नसतील, तोवर त्या घराचं अख्खं छप्पर झाकण उघडावं तसं वर आलं आणि गेलं. ते वरून कुणी ओढून नेलं नव्हतं, आतून ढकललं गेलं होतं. खिडकीतून आत शिरलेल्या वाऱ्याला बाहेर पडायचं होतं, त्याने वरचा रस्ता धरला. त्या दिवसापासून तिचं एकच पालुपद: "घर छपराने नाही वाचत, खिडकीने वाचतं."

वादळी खिडकी म्हणजे जादू नाही. दोन काचा आणि त्यांच्यामध्ये चिवट पापुद्रा. फुटली तरी काच जागची हलत नाही. पण नवी काच जुन्या कुजक्या चौकटीत बसवणं म्हणजे कवळी हिरडीला न लावता ओठाला चिकटवणं, असं ती म्हणायची. चौकट थेट भिंतीत, लांब बोल्टांनी आवळली पाहिजे. आणि जुन्या घराची भिंत कुठे पोकळ असेल याचा नेम नाही. म्हणून ती हातोडीच्या दांड्याने वीतवीत ठोकत जायची. आवाज बद्द आला की म्हणायची, "ही खोकतेय." मग तिथल्या सुट्या विटा काढायच्या, काँक्रीट भरायचं, सात दिवस थांबायचं आणि मगच बोल्ट. माप वर, मध्ये, खाली असं तीनदा. लोक म्हणत, बाई, खिडकी लावतेस की मुलीला स्थळ बघतेस? ती ऐकून न ऐकल्यासारखं करी. काम मनासारखं झालं की चौकटीच्या आतल्या कडेला पेन्सिलीने तारीख घाली. तारीख नाही म्हणजे काम संपलेलं नाही.

बसवून घेतलेले लोक नंतर सांगत की रस्त्याचा गोंगाट कमी झाला, पावसाळ्यात भिंतीवरचे ओघळ बंद झाले, दुपारी खोली तापेनाशी झाली. ती म्हणे, "हे वरकड. खरं काम वर्षानुवर्षं काहीच न करता उभं राहण्याचं आहे."

तिच्या स्वतःच्या घराला दहा खिडक्या. आपल्या गल्लीवर मोठं वादळ आलं त्या वर्षापर्यंत सगळी गल्ली समजत होती की दहाही झाल्या. नवराही तेच समजत होता. हा तिचा नवरा बोटीवरचा इंजिन दुरुस्तीवाला, आता निवृत्त, आणि जगातल्या कुठल्याही यंत्रावर शेवटचा शब्द आपलाच असं मानणारा.

वादळ संध्याकाळी येणार म्हणून सांगितलं होतं, ते दुपारी बारालाच दारात उभं राहिलं. शाळेत हलायचं ठरलं होतं, पण गल्लीच्या तोंडाशी कमरेएवढं पाणी. समोरच्या घरातले शिंपी आणि शिंपीणबाई शिलाई यंत्राचं डोकं गोधडीत गुंडाळून पळत आले.

"वहिनी, आमच्या काचा थरथरतायत. तुमच्याकडे बसू का?"

"बसा. यंत्र खाली ठेवा, छातीशी धरून काय उभे राहिलात!"

खालच्या खोलीत पाच जण झाले: ती, नवरा, नणंद, शिंपी आणि शिंपीणबाई. वारा आधी शिट्टी वाजवल्यासारखा होता, मग जड झाला. छपराचे वासे करकरू लागले. शिंप्याने नेहमीचं काढलं.

"मागची एक खिडकी उघडा, वहिनी. वाऱ्याला वाट दिली पाहिजे. आमचे वडील नेहमी उघडायचे."

"आणि वडिलांचं छप्पर कितीदा बदललं?"

"दोनदा," शिंपी म्हणाला.

"बरोबर आहे त्याचं," नवरा मध्ये पडला. "बॉयलरला सुद्धा वाफ सोडायची झडप असते."

"घर म्हणजे बॉयलर नव्हे. वाफ आत तयार होते, वारा बाहेरून येतो. त्याला आतच घेतलं नाही तर सोडायचा कशाला? कडीला हात लावलात तर बोटं मोडीन."

नवरा बहिणीकडे वळला. "अक्का, तू कॉलेजात शिकवलंस ना? सांग तिला."

"ती बरोबर आहे. बस खाली," नणंद म्हणाली.

तेवढ्यात समोरच्या खिडकीवर तोफ उडाल्यासारखा आवाज झाला. कुणाच्या तरी पडवीचा पत्रा येऊन आदळला होता. शिंपीणबाई किंचाळल्या. काचेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत जाळं पसरलं होतं, पलीकडचं काही दिसेना. पण ती जागेवर होती. एक ठिकरी आत आली नाही, एक थेंब नाही. शिंप्याने लांबूनच बोट पुढे केलं आणि मागे घेतलं.

"फुटली की."

"फुटली, पण गेली नाही," ओळंबा म्हणाली. आवाजात थोडा तोरा होता, तो तिला शोभलाही.

दोनच्या सुमाराला वारा एकदम पडला. शिंपी उठून घरी जायची भाषा करू लागला. त्याला बळेच बसवलं. वादळाचा मधला भाग डोक्यावर आहे, आता वारा उलट्या बाजूने येणार, असं नणंदेने सांगितलं. आणि सांगताना तिचं लक्ष भावजयीच्या चेहऱ्याकडे गेलं. तो चुना फासल्यासारखा पांढरा झाला होता. पहिल्या वाऱ्यात जी बाई खुर्चीत स्वस्थ बसली होती, ती आता उठून जिन्याकडे चालू लागली. नणंद मागोमाग गेली.

जिन्याच्या वळणावर दहावी खिडकी. मागच्या अंगाला. ओळंब्याने चौकटीच्या कडेवरून अंगठा फिरवला. तिथे तारीख नव्हती.

"अक्का, ही मी बसवलेली नाही. नुसती टेकवलीय."

"म्हणजे?"

"भिंत खोकत होती. विटा काढून काँक्रीट भरायचं होतं. त्याच महिन्यात तीन घरांची घाई आली, तेव्हा पाचरी मारल्या आणि आखूड स्क्रू लावले. चार दिवसांपुरतं म्हणून. तीन वर्षं झाली."

दुसऱ्याच्या घरी सात दिवस थांबणारी बाई! आपल्या घरचं काम कुणी तपासायला येत नाही, तिथेच कारागीर फसतो. ती ढिली नव्हती, आळशी नव्हती. स्वतःला गिऱ्हाईक समजायला विसरली होती, एवढंच.

वारा परतला तो हळूहळू आला नाही. एकदम खांदा लावून आला. चौकट पाऊणएक बोट आत सरकली आणि परत गेली. पुन्हा सरकली. एक पाचर टपकन पायरीवर पडली आणि फटीतून पाणी पिचकारीसारखं उडालं. ही एक गेली तर नऊ खिडक्यांचा काही उपयोग नव्हता; छप्पर आतून उचललं गेलं असतं, त्याखाली पाच माणसं होती, आणि त्यातली दोन तिच्या शब्दावर विसंबून आली होती.

तिने खाली हाक मारली. सगळे धावले. नवऱ्याने चौकट बघितली, पाचर बघितली आणि बायकोकडे बघितलं.

"तू म्हणालीस दहा झाल्या."

"खोटं बोलले. भांडण उद्या करू. पलंगाखालची जाड फळी आणा, आणि पलंगाची लांब पट्टी काढा. पळा!"

फळी खिडकीवर आडवी लावली. नवरा, शिंपी आणि शिंपीणबाई तिला पाठ लावून, समोरच्या भिंतीला पाय रोवून बसले. जिना अरुंद, म्हणून ते जमलं. प्रत्येक झोताबरोबर तिघं पुढे ढकलली जात आणि पुन्हा मागे रेटत. शिंपीणबाई डोळे मिटून पुटपुटत होत्या, "आई गं, आई गं."

ओळंब्याने टेप काढली. फळीपासून समोरच्या भिंतीपर्यंतचं अंतर घ्यायचं, त्या मापाची पट्टी कापायची आणि मध्ये ठोकून अडकवायची. टेपचं दुसरं टोक नणंदेने धरलं. वर एकदा मापलं. मग मध्ये.

"अगं, आता तरी एकदाच मोज!" नवरा ओरडला.

"जुनी भिंत आहे. वर आणि खाली सारखी नसते." तिने खाली तिसऱ्यांदा मापलं. फरक खरोखरच बोटभर होता. "पट्टी खाली लागणार. वरचं माप धरलं असतं तर आखूड पडली असती."

"वहिनी, माझी पाठ मापाची नाही हो, लवकर करा!" शिंपी कण्हला, आणि त्या तसल्या वेळी शिंपीणबाईंना फिस्सकन हसू आलं.

तिने पायरीवर पट्टी ठेवली, गुडघ्याने दाबली आणि करवत चालवली. नणंदेला वाटलं, ही रडत असावी. पण तोंडावर सगळं पावसाचं पाणी होतं, काय समजणार. पट्टी केसभर लांब कापली होती, मुद्दाम. एक टोक फळीला, दुसरं भिंतीला, आणि मग हातोडीचे घाव. सहाव्या घावाला पट्टी ताठ झाली. सातव्याला आवाज बदलला.

"सोडा," ती म्हणाली.

कुणी सोडेना.

"सोडा म्हणते ना! तुमची पाठ किती वेळ पुरणार?"

तिघं एकेक करून बाजूला झाली. झोत आला. चौकट कुरकुरली आणि थांबली. फटीतून पाणी येतच राहिलं, त्याखाली आळीपाळीने बादली धरली. साडेचार वाजेपर्यंत पाचही जण त्या जिन्यात, पायऱ्यांवर ओळीने बसून होते.

उजेड असतानाच वारा ओसरला. दार उघडलं तर समोर शिंप्याच्या घराला छप्पर नव्हतं. त्याची पुढची काच आधी गेली होती, मग बाकीचं. शिंपी दारातूनच म्हणाला, "यंत्राचं डोकं आणलं ते बरं केलं."

दुसऱ्या दिवसापासून लोक ओळंब्याचं घर बघायला येऊ लागले. सगळ्यांना ती जाळं पडलेली समोरची काच बघायची असे. ती त्यांना आधी जिन्यात नेई. "ही बघा. ही मी लावली नव्हती. पट्टी नसती तर हे घर समोरच्यासारखं झालं असतं. बाकीच्या नऊ नंतर दाखवते." नवरा म्हणाला, धंदा असा बुडवतेस का? ती म्हणाली, जो हे ऐकूनही बोलावील त्याच्याकडेच मी काम करणार. नवऱ्याने तीन दिवस अबोला धरला आणि चौथ्या दिवशी, न सांगता, त्या खिडकीखालच्या सुट्या विटा काढायला बसला.

तर ओळंबे, जुन्या घराला वादळी खिडक्या बसवून काय मिळतं, ते मी लिहिलं. सगळ्या बसवल्या आणि प्रत्येक नीट बसवली तर छप्पर मिळतं. एक सोडली तर जवळजवळ काहीच नाही.

आता आपलं दोघींचं. ज्या तीन घरांच्या घाईत तू आपली खिडकी टेकवलीस, त्यांचंही काम पुन्हा तपासायचं असं तू त्याच आठवड्यात ठरवलंस. दोन घरं तू माझ्या भावाला घेऊन तपासलीस, पक्की निघाली. तिसरं निवृत्त पोस्टमास्तरांचं, चढावरचं. भावात आणि त्यांच्यात विस्तव जात नाही, म्हणून तू मला म्हणालीस, "अक्का, तुम्ही चला. एकीने बाहेरून ठोकायचं, एकीने आतून ऐकायचं." मी म्हणाले, सोमवारी जाऊ. सोमवारी माझं गुडघ्याचं निघालं. पुढच्या खेपेला तुझं काम निघालं. मग पोस्टमास्तर मुलीकडे गेले, घराला कुलूप लागलं, आणि किल्ली शेजाऱ्यांकडे आहे हे ठाऊक असूनही तू विषय काढला नाहीस, मीही काढला नाही. परवा कळलं, ते परत आलेत, आणि तू घाईत खिडकी बसवलेल्या मागच्या खोलीतच झोपतात. आपण अजून गेलेलो नाही.